निग्रहण म्हणजे काय? महाराष्ट्र पोलीस दलाच्या इतिहासाकडे पाहताना



दरवर्षी २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन साजरा होतो. १९६१ साली याच दिवशी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते दलाला स्वतःचा ध्वज मिळाला. राज्य तेव्हा जेमतेम आठ महिन्यांचं होतं. मग दलाचं वय किती धरायचं? ध्वजापासून मोजलं तर साठीच्या थोडं पुढे. मुंबईच्या पहिल्या पोलीस कमिशनरपासून मोजलं तर दीडशेच्या वर. आणि कंपनी सरकारच्या पहिल्या पहारेकऱ्यांपासून मोजलं तर साडेतीनशेच्या घरात. गौरवाच्या भाषणात सगळ्यात मोठा आकडा घेण्याचा मोह होतो. आम्हाला मात्र वाटतं, वय मोजण्याआधी दलाचं ब्रीद नीट वाचावं: 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. सज्जनांचं रक्षण, दुर्जनांचा निग्रह. पण सज्जन कोण आणि खल कोण, हे ठरवायचं कुणी? दलाचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर जेराल्ड औंगियर यानं बेटावर पहाऱ्यासाठी एक दल उभं केलं. त्यात भरणा भंडारी समाजातल्या माणसांचा, म्हणून ते 'भंडारी मिलिशिया'. माहीम, शीव आणि शिवडी इथे त्याची ठाणी होती. पुढे १७७९ साली जेम्स टॉड हा 'लेफ्टनंट ऑफ पोलीस' झाला आणि १७९० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून त्याला घालवण्यात आलं. म्हणजे हा रोगही दलाइतकाच जुना आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १८६४ मध्ये फ्रँक सूटर पहिला पोलीस कमिशनर झाला. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या ज्या दगडी इमारतीत आयुक्तालय आहे, तिथे ते १८९६ मध्ये आलं.

शहराबाहेर मात्र वेगळीच व्यवस्था होती. गावची जबाबदारी पाटलावर, रात्रीची राखण जागल्याकडे, रामोशाकडे. चोरी झाली तर माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला, तर पुढचा शोध त्या गावानं घ्यायचा. माग लागलाच नाही, तर भरपाईचा बोजा राखणदारावर यायचा. बदल्यात जमीन, धान्य, मानपान. १८१८ मध्ये पेशवाई गेली, इंग्रजी अंमल आला आणि किल्ल्यांवरचे रामोशांचे पहारे गेले, हक्क गेले. पुरंदर भागातला उमाजी नाईक बंड करून उठला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला पुण्यात फाशी दिली. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गड राखला, त्यांच्यातला माणूस राज्य बदलताच 'खल' झाला!

पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियर यानं तिथे नवं पोलीस दल बांधलं. त्याचा नमुना लंडनचा नव्हता, आयर्लंडचा होता. लंडनचा पोलीस बिनबंदुकीचा, वस्तीतून फिरणारा. आयर्लंडचं दल सशस्त्र, आपली सत्ता न मानणाऱ्या मुलखावर पकड ठेवण्यासाठी. १८५३ मध्ये मुंबई इलाख्यानं याच वळणावर आपल्या जिल्हा पोलिसांची घडण केली. नंतर गुन्हेगार जमाती कायदा आला आणि काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं गेलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं राहत होती, रोज हजेरी देत होती. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.

आता त्या आठ महिन्यांच्या राज्याकडे परत येऊ. संयुक्त महाराष्ट्रासाठी जे आंदोलन झालं, त्यात शंभरावर माणसं हुतात्मा झाली, बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, आणि पुढच्या जानेवारीत तर मुंबईत रक्ताचा सडा पडला. बंदूक धरणाऱ्यांतही कितीतरी मराठीच होते. हुकूम वरून आलेला, समोर आपलीच माणसं. हे राज्य ज्यांच्या बलिदानातून आलं, त्यांच्यावर गोळ्या झाडणारं दलच पुढे या राज्याचं दल झालं. ध्वज हातात घेताना हा वारसाही हातात आला. हुतात्मा चौक आणि पोलिसांचा ध्वज या दोन्हींसमोर एकाच मनानं उभं राहता येतं का? आम्हाला वाटतं, येतं. पण दोन्ही गोष्टी आठवत असतील तरच.

कारण हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा यांत फरक आहे. इतिहासात नावं राहतात कमिशनरांची. शिपायाच्या वाट्याला येते ती 'पांडू हवालदार' म्हणून होणारी थट्टा. त्याची बारा-बारा तासांची ड्युटी, सणासुदीचा बंदोबस्त, पोलीस लाइनीतली चिंचोळी खोली, हे कुठे लिहिलं जात नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला. सरकारनं त्यांची संघटना मोडली, लष्कर बोलावलं, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याच्याकडून आपण न्यायाची अपेक्षा करतो, त्याला स्वतःचं गाऱ्हाणं मांडायला जागा हवी की नको?

शेवटी एक रात्र. २६ नोव्हेंबर २००८, गिरगाव चौपाटी. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात होती ती लाठी. समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून अजमल कसाब जिवंत हाती लागला. खटला चालला, पुरावे मांडले गेले, त्याला वकील मिळाला, निकाल लागला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

मंडळी, ब्रीदवाक्यात 'निग्रहण' आहे, 'हनन' नाही. निग्रह म्हणजे आवरून धरणं. खल कोण, हे पोलिसानं ठरवायचं नाही, सत्तेवर बसलेल्यानंही नाही. ते कायद्यानं, न्यायालयात ठरायचं. पोलिसानं त्याला तिथवर पोचवायचं. हा अर्थ साडेतीनशे वर्षांत कितीदा तरी हरवला. त्या रात्री एका सहायक उपनिरीक्षकानं जीव देऊन तो पाळला. दलाचा गौरव करायचा तर या अर्थाला धरून करू या.