अळीच्या खात्यातली नोंद

बँकेत व्हाउचर गहाळ झाले, तर आम्ही कारकून मंडळी दुसऱ्या वहीत नोंद शोधतो. १९८० साली अमेरिकेत बायर आणि सहकाऱ्यांनी तेच केले. एका तरुणीचा सांगाडाच उरलेला. तपासायला रक्त कुठले? मग तिच्या देहावर पोसलेल्या अळ्याच तपासल्या. त्यांत फेनोबार्बिटल हे गुंगीचे औषध निघाले! १९८९ साली हवाईच्या ली गॉफ यांना दिसले, की कोकेन पोटात गेलेल्या अळ्या भराभर वाढतात. म्हणजे त्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढणारा फसलाच. शिवाय औषध किती होते, हे अळी खात्रीने सांगत नाही. बिनरकमेची नोंद आमचे साहेब परत फेकतील. पण जिच्याजवळ साक्षीला कोणी नव्हते, तिची एवढी तरी नोंद किड्याने ठेवली!