कंबरदुखी, जुनाट : पाठीचे स्नायू आणि कायरोप्रॅक्टिक

बरगड्यांच्या खालच्या कडेपासून नितंबांपर्यंतच्या भागात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्यास जुनाट कंबरदुखी म्हणतात. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. यांतील दहापैकी जवळजवळ नऊ जणांत मोडलेले हाड, जंतुसंसर्ग किंवा गाठ असे एकच ठळक कारण सापडत नाही. वर्धा परिसरात अशा दुखण्याला सर्रास ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात. वास्तविक मणक्यांमधली गादी वयानुसार झिजते, आणि ती झीज कंबर कधीच न दुखलेल्या अनेकांच्या फिल्मवरही दिसते. ‘गॅप’ या शब्दाने मात्र माणूस वाकायला घाबरतो, हालचाल कमी करतो आणि पाठ आणखी दुबळी होते.

कमरेचे पाच मणके स्नायूंच्या आधाराने उभे असतात. लांब, उभे स्नायू (इरेक्टर स्पायनी) वाकलेले धड वर उचलतात. त्यांच्याखाली मणक्याला अगदी लगटून असणारा मल्टिफिडस हा आखूड, तिरप्या धाग्यांचा स्नायू प्रत्येक मणक्याला जागच्या जागी धरून ठेवतो. दुखण्यात तो बारीक होतो. जुन्या रुग्णांत त्याच्या धाग्यांमध्ये चरबीही साठलेली आढळते. दुखणे थांबले तरी तो आपोआप पूर्ववत होईलच असे नाही. कंबर वारंवार धरण्याचे हे एक कारण मानले जाते.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीला पाठीच्या श्रमांचा मोठा इतिहास आहे. विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस येथे राहायला आले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. येथे सूत कातले जाई आणि गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली चर्मालय चाले. कातणे म्हणजे तासन्‌तास एकाच बैठकीत राहणे आणि कातडे कमावणे म्हणजे सतत ओणवे होणे. दोन्ही कामांचा भार कमरेवरच. रोज कित्येक तास कातणाऱ्या विनोबांची प्रकृती पुढे फार खालावली, वजन ८८ पौंडांवर आले. १९३८ मध्ये ते पवनारला गेले. तिथे त्यांनी रोज थोडा वेळ खणायला सुरुवात केली, तो वेळ हळूहळू वाढवला आणि त्यांचे वजन चाळीसेक पौंडांनी वाढले. ही कंबरदुखीच्या उपचाराची हकिगत नव्हे. पण थोडक्यापासून सुरुवात करून श्रम नेमाने वाढवत नेणे हेच आजच्या व्यायामोपचाराचेही सूत्र आहे, म्हणून तिची नोंद येथे घेतली आहे.

अचानक भरलेली उसण हा वेगळा प्रकार. त्यावर गावोगावी पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्याचा, पाय कमरेला लावून घेतात. उसण बहुतेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे शेवटचा हात किंवा पाय ज्याचा लागला त्याला यश मिळते. जुनाट दुखण्याला हा हिशेब लागू पडत नाही.

कायरोप्रॅक्टिकचा आरंभ अमेरिकेतील आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट येथे, १८९५ साली डी. डी. पामर यांनी केला. ‘सरकलेला मणका’ बहुतेक रोगांचे मूळ आहे, हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. हाताने दिलेल्या झटक्याचा उपयोग मात्र तपासण्यांत दिसून आला आहे. झटक्यासरशी येणारा ‘कट्ट’ आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना येतो. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नसतो. या उपचाराने जुनाट कंबरदुखीत साधारण व्यायामाइतकाच, मध्यम आराम मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत व्यायाम, समुपदेशन आणि मालिश यांच्या जोडीला हस्तोपचारही सुचवला. कंबरपट्टा आणि ताण देण्याचे यंत्र (ट्रॅक्शन) नेहमीच्या वापरासाठी नको म्हटले. एरवी बाजारात पहिला विकला जातो तो पट्टाच.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. मोबाइलवर ‘कट्ट’चे व्हिडिओ पाहून कोणाच्याही हाती मान देणे धोक्याचे आहे, मानेच्या झटक्याने क्वचित धमनी फाटून पक्षाघात होतो. फिजिओथेरपिस्टकडे रीतसर पदवी असते आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००२ च्या कायद्याने परिषद स्थापन झाली. नालवाडीकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही : सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे आणि सावंगीला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पाय लुळा पडू लागणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षय तपासावा लागतो. आपल्याकडे तो दुर्मिळ नाही. अशा पाठीला आणि पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ झालेल्या बाईच्या पाठीला झटका देऊ नये.

मल्टिफिडससाठीचा एक व्यायाम घरच्या गोधडीवर होतो. हात-गुडघ्यांवर राहून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करायचा, दहा आकडे मोजायचे, मग बाजू बदलायची. कमरेवर भरलेला पेला असल्यासारखी पाठ स्थिर हवी. शेतात मात्र सवयच बदलावी लागते. पाठीवर सोळा लिटरचा भरलेला फवारणीपंप म्हणजे सोळा किलोहून जास्त ओझे. वेचणीत कापसाने फुगलेली ओटी पोटापुढे लोंबते आणि पाठीच्या स्नायूंना ते वजन मागून सतत ओढून धरावे लागते. ओटी पुरती भरण्याची वाट न पाहता अर्ध्यातच बांधावर रिकामी केली तर हा ताण कमी होतो. तेवढी चाल होते आणि कंबरही दोन घटका सरळ राहते.