घाटमाथ्यावरची पेठ : नंदगडात व्यापार का आला, आणि का पांगला

नंदगड म्हटलं की सगळ्यांना संगोळ्ळी रायण्णा आठवतो. 26 जानेवारी 1831 रोजी त्याला इथंच फाशी दिलं, आणि ते वडाचं झाड बघायला लोक अजून येतात. पण या गावाला दुसरा एक इतिहास आहे, तो व्यापाराचा. आज त्याच्याविषयी लिहितो.

ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरात नंदगडाची नोंद व्यापाराचं महत्त्वाचं ठिकाण म्हणून आहे. गोव्याकडून सुपारी, नारळ, खोबरेल, खजूर, मसाले आणि मीठ यायचं. बदल्यात गहू आणि इतर धान्य जायचं. बेळगावपासून 23 मैल, खानापूरपासून सातेक मैल. मग एवढी पेठ नेमकी इथंच का?

कारण अगदी साधं आहे. खाली कोकणात मीठ-नारळ मुबलक, पण गहू नाही. वर देशावर धान्य भरपूर, पण मीठ नाही. ओझ्याच्या बैलांनी घाट चढायचा म्हणजे जनावर थकणार. तेव्हा चढ संपला की माल कुठंतरी उतरवायचा, विकायचा आणि परतीचा माल भरायचा. तिथं वखार लागते, उधारीवर माल देणारा लागतो, दोन्हीकडचे भाव ठाऊक असलेला माणूस लागतो. घाट आणि सपाटी यांच्या सांध्यावर ही सोय झाली, आणि व्यापारी आले. त्यांना कुणी वेगळं बोलवायला नको होतं.

पण जी गोष्ट पेठ वसवते, तीच तिचा कच्चा दुवाही असते. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. हद्दीवरची जकात उठली, गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि मुरगाव बंदराला रेल्वेनं जोडायचं ठरलं. 1888 च्या सुमारास लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक असा घाट उतरणारा लोहमार्ग सुरू झाला. आता माल डब्यात भरला की थेट लोंढ्याला, खानापूरला, बेळगावला. मधे बैल बदलायची गरजच उरली नाही. आणि हा मार्ग नंदगडाला बगल देऊन गेला. 1892 मध्ये करार संपला, जकातीच्या चौक्या परत आल्या, पण रूळ काही उखडले नाहीत.

इथं निपाणीशी तुलना करून बघा. निपाणीलाही रेल्वे नाही. तरी तिथली पेठ टिकली, कारण तिचा माल बाहेरून येत नव्हता. आसपासच्या काळ्या रानात तंबाखू पिकायचा. तो वाळवणं, निवडणं, वखारीत साठवणं आणि विड्या वळणं, हे सगळं काम गावातच. खानापूरचंही थोडं तसंच. स्टेशन मिळालं हे खरं, पण कौलं, विटा आणि कुंभारकाम टिकलं ते तिथल्या मातीवर.

माझं म्हणणं एवढंच : नुसत्या वाटेवर बसलेला धंदा वाट बदलली की उठतो. मातीत आणि हातात रुजलेला धंदा सहजी उठत नाही.

अर्थात धंदा टिकला म्हणजे सगळ्यांचं भलं झालं, असं नव्हे. निपाणीतच 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला होता. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. पेठ भरलेली होती, पण पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडत होतं, हा प्रश्न त्यांनी जिवाच्या मोलानं विचारला. आज आपल्या तालुक्यात उद्योग यावेत म्हणून सगळे बोलतात. जागा, रस्ता, सवलत, हे सगळं हवंच. पण इथल्या भातावर, काजूवर, मातीवर इथंच कोणती प्रक्रिया होईल आणि तिचा पैसा कुणाकडे राहील, हे आधी विचारलं पाहिजे.

शेवटी वाचकांना एक विनंती. नंदगड-खानापूर भागातल्या जुन्या व्यापारी घरांत मोडीतल्या चोपड्या, हुंड्या, जकातीच्या पावत्या माळ्यावर पडलेल्या असतील. घर पाडायला काढलं की त्या पहिल्यांदा रद्दीत जातात. कुणी कुणाला किती उधार दिलं, कुठल्या साली मीठ यायचं थांबलं, कुठलं घराणं कधी बेळगावला गेलं, हे गॅझेटियरात मिळत नाही. ते त्याच चोपड्यांत असतं. रद्दीवाला यायच्या आधी त्या निदान एकदा उघडून बघा, आणि जमलं तर फोटो काढून ठेवा.