पोथी हरवते कशी? लीळाचरित्रापासून क्लाउडपर्यंत

भिलाईहून बोलतोय. आजचा विषय आहे, लिखाण हरवतं कसं आणि राखायचं कसं. बोलायचं आहे क्लाउडबद्दल, पण आधी सातशे वर्षं मागे जाऊ. लिखाण हरवण्याच्या दोन मोठ्या तऱ्हा आहेत आणि मराठीनं त्या दोन्ही फार पूर्वीच भोगल्या आहेत.

पहिली तऱ्हा म्हणजे प्रत एकच असते आणि ती जाते. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी तिथं गोळा केल्या. ज्यांनी जे पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून विचारायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं, अशी त्यांची पद्धत. त्यातून लीळाचरित्र सिद्ध झालं. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली. महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. ग्रंथ वाचला, पण प्रत्येकाची आठवण थोडी निराळी, म्हणून एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले. ते ताडून पाहण्यात विसाव्या शतकातल्या अभ्यासकांची वर्षानुवर्षं गेली. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली निघाली.

दुसरी तऱ्हा उलटी आहे. प्रती भरपूर, पण खरी कोणती ते कळत नाही. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढची तीनशे वर्षं लोक ती हातानं उतरवून घेत राहिले. कुणाची नजर चुकली, कुणी जुना शब्द बदलला, कुणी पदरची ओवी घातली. शेवटी १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली भर घालू नये, अशी ताकीदही शेवटी लिहून ठेवली.

आता आपल्या लॅपटॉपकडे येऊ. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह या सेवा सिंक करतात. म्हणजे तुमच्या सगळ्या यंत्रांवर फाइल एकसारखी ठेवतात. आपण समजतो, तीन ठिकाणी आहे म्हणजे तीन प्रती झाल्या. तसं नाही. सिंक हा असा लेखनिक आहे, की तुम्ही एका पोथीतलं पान फाडलंत, तर तो बाकीच्या पोथ्यांतलंही तेच पान इमानेइतबारे फाडतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. आजच्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आमच्या भिलाईचंच उदाहरण सांगतो. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. नोकरीच्या निमित्तानं विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबं इथं आली. त्या पिढीतले एक गृहस्थ आपल्या आठवणी लिहीत आहेत. ते इथं टाइप करतात, मुलगी पुण्याहून त्याच फोल्डरमध्ये शुद्धलेखन तपासते. एकदा दोन दिवस इथलं इंटरनेट बंद होतं. तेवढ्यात दोघांनीही एकाच प्रकरणावर काम केलं. नेट आल्यावर एकाच्या दोन फाइली झाल्या, एकीचं नाव लांबलचक आणि विचित्र. त्यांना वाटलं कचरा आहे, म्हणून पुसली. पुण्यातूनही ती गेली. नेमकं नवं लिखाण तीत होतं. महिन्याभरानं लक्षात आलं, तोवर कचरापेटीही रिकामी झाली होती. पहिल्या पाळीतल्या सोबत्यांची नावं त्या पानांत होती. त्यातले बरेच आज हयात नाहीत, मग विचारायचं कुणाला? आता ते आठवून आठवून लिहिताहेत. लीळाचरित्राचं झालं, तेच झालं.

मोठ्या कंपन्यांकडेही गडबड होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपमधल्या दोषामुळं काही लोकांच्या कित्येक महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या. स्क्रिव्हनर वापरणाऱ्या लेखकांनी तर जास्तच जपावं. त्यातलं एक पुस्तक म्हणजे प्रत्यक्षात अनेक लहान फाइलींचं फोल्डर असतं. त्यातल्या निम्म्याच फाइली पोचल्या असताना दुसऱ्या यंत्रावर पुस्तक उघडलंत, तर घोळ झालाच म्हणून समजा.

मग करायचं काय?

एक. एका वेळी एकच हात. लिहून झालं की फाइल बंद करा आणि सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबा. मगच दुसरं यंत्र उघडा. लष्करात आम्ही वायरलेसवर संदेश दिला, की पोच येईपर्यंत तो पोचला असं धरत नसू. इथंही तोच नियम.

दोन. दर आठवड्याला तारीख घातलेली वेगळी प्रत सिंकच्या फोल्डरबाहेर काढा. पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. जुनी प्रत नव्या प्रतीनं झाकू नका.

तीन. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

चार. एकाच्या दोन फाइली दिसल्या, तर पुसायची घाई नको. नाथांसारखं दोन्ही समोर ठेवून ताडा, मग ठरवा.

पाच. बॅकअप महिन्यातून एकदा उघडून बघा. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

आणि प्रकरण पूर्ण झालं की छापून घ्या. कागदाला पासवर्ड लागत नाही आणि तुमच्या पश्चात नातवंडांना तो सहज सापडतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरचा इतिहास दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही. लिहाच, पण प्रत काढून लिहा.

जय हिंद.