सर्व्हरसाठी लिनक्स डिस्ट्रो

लिनक्स कर्नल, पॅकेजेस आणि त्यांना मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या यांचा जुळवलेला संच म्हणजे डिस्ट्रो. सर्व्हरसाठी निवड करताना दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे आधी पाहतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या (रेल) प्रत्येक मोठ्या आवृत्तीला 10 वर्षे, उबुंटू एलटीएसला 5 वर्षे. डेबियनला 3 वर्षे आणि वेगळ्या गटाकडून पुढची साधारण 2.

सेंटओएस : रेलच्याच सोर्स कोडवरून बांधलेली, विनामूल्य, म्हणून विद्यापीठे आणि होस्टिंगवाले यांची वर्षानुवर्षे पहिली पसंती. राष्ट्रीय महासंगणन अभियानात पुण्याच्या आयसरमध्ये सी-डॅकने उभारलेल्या ‘परम ब्रह्म’वरही सेंटओएस 7.6 चढवली होती. सप्टेंबर 2019 मध्ये आलेली सेंटओएस 8 मे 2029 पर्यंत चालणार, असे सारे धरून होते. 8 डिसेंबर 2020 रोजी ती 31 डिसेंबर 2021 लाच बंद होईल, असे जाहीर झाले. तत्परतेने 8 वर गेलेले अडकले. आळसाने म्हणा वा सावधपणे, 7 वरच राहिलेल्यांना 30 जून 2024 पर्यंत मुदत मिळाली. सेंटओएसची जागा घेण्यासाठी 2021 मध्ये अल्मालिनक्स (मार्च) आणि सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांची रॉकी लिनक्स (जून) आल्या. जून 2023 मध्ये रेड हॅटने रेलचा सोर्स सर्वांसाठी खुला ठेवणे थांबवले, तेव्हा अल्माने हुबेहूब प्रतीचा आग्रह सोडून सुसंगततेवर भागवले; रॉकीने सोडला नाही. कोणाचे बरोबर, यावर एकमत नाही.

घराणे बदलताना : डेबियनवाल्यांची एपीटी आणि रेलवाल्यांची डीएनएफ या पॅकेज-साधनांचा सराव लवकर होतो, रेलमधल्या एसईलिनक्स या सुरक्षा-यंत्रणेचा होत नाही. होम डिरेक्टरीतली फाइल ‘एमव्ही’ने वेबसाइटच्या डिरेक्टरीत हलवली, की एसईलिनक्सने दिलेले जुने लेबल तिच्याबरोबर येते आणि परवानग्या चोख असूनही ब्राउझरवर 403 झळकतो. ‘रिस्टोरकॉन’ चालवले की काम होते. पुष्कळजण त्याऐवजी एसईलिनक्सच बंद करून टाकतात, हे गैर. उबुंटूत त्या जागी ॲपआर्मर असते.

बॉस : सी-डॅकची डेबियनवर आधारित डिस्ट्रो, पहिली आवृत्ती 2007. मराठीसह भारतीय भाषांची सोय. सर्व्हरसाठी वेगळी आवृत्ती आहे.

सुसे : मूळची जर्मन, आरपीएम पॅकेजेस.

अल्पाइन : मुख्यतः कंटेनरांत.