मकारापा: बाटली चुकवणारी टोपी
दक्षिण आफ्रिकेचा फुटबॉल म्हटलं की आपल्याला आठवतो तो व्हुवुझेला नावाचा भोंगा. २०१० च्या विश्वचषकात त्याच्या घोंघावण्याने घरोघरचे टीव्ही बेजार झाले होते. त्याच गर्दीत लोकांच्या डोक्यांवर शिंगं फुटल्यासारखी रंगीत हेल्मेटं होती. त्यांची चौकशी फारशी कुणी केली नाही. ती मकारापा. मला विचाराल तर भोंग्यापेक्षा या टोपीचं कूळ अधिक रंजक आहे.

हेल्मेट मूळचं खाणीतलं आणि बांधकामावरचं. जोहान्सबर्गच्या परिसरातल्या सोन्याच्या खाणींनी लेसोथो, मोझांबिक, मलावीपर्यंतची माणसं ओढून आणली. पोटासाठी शहरात आलेल्या मजुरांना आधी मकारापा म्हणत. टोपीला ते नाव नंतर चिकटलं.

१९७९ च्या सुमारास कैझर चीफ्स या फुटबॉल क्लबचा एक चाहता, अल्फ्रेड बलोयी, सामना बघायला गेला असताना प्रेक्षकांतून भिरकावलेली बाटली शेजारच्याला लागली. त्यानंतर बलोयी हेल्मेट घालूनच जाऊ लागला. घालायचंच आहे तर कोरं कशाला, म्हणून त्याने ते क्लबच्या रंगात रंगवलं. मग कारागिरी वाढत गेली. हेल्मेटच्या प्लॅस्टिकमध्येच खेळाडू, चेंडू, क्लबचं चिन्ह यांचे आकार कापायचे, पण एका कडेला जोडलेले ठेवायचे. ते उभे वाकवायचे आणि ब्रशने हाताने रंगवायचे. लोक मागू लागले आणि छंदाचा धंदा झाला.

ते रंग क्लबचे होते: चीफ्सचे सोनेरी-काळे, ऑर्लँडो पायरेट्सचे काळे-पांढरे. देशाचे रंग मिरवायला देशाचा संघ होता कुठे? वर्णभेदापायी फिफाने १९७६ साली दक्षिण आफ्रिकेला हाकललं होतं. संघ परतला जुलै १९९२ मध्ये. डर्बनला कॅमेरूनविरुद्ध डॉक्टर खुमालोच्या पेनल्टीवर १-० ने जिंकला. आज मकारापावर दिसणारा सहारंगी झेंडा तर १९९४ चा.

बाटलीची भीती काही उगाच नव्हती. जानेवारी १९९१ मध्ये ऑर्क्नी या खाणगावात चीफ्स आणि पायरेट्सचा मैत्रीपूर्ण सामना होता. एका गोलवरून प्रेक्षकांत हाणामारी पेटली, पळापळ झाली आणि ४२ जण मेले, बहुतेक चेंगरून. तिथे हेल्मेटचा काय उपयोग? २००१ मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर याच दोन क्लबांच्या सामन्यात पुन्हा चेंगराचेंगरी झाली, ४३ बळी गेले.

दरम्यान १९९६ मध्ये देशाच्या संघाने, म्हणजे ‘बाफाना बाफाना’ने, घरच्याच मैदानावर आफ्रिकन चषक जिंकला होता. ११ जून २०१० ला सॉकर सिटीवर मेक्सिकोविरुद्ध सिफिवे त्शाबालालाने विश्वचषकाचा पहिला गोल केला, तोवर मकारापा पर्यटकांच्या खरेदीतही जाऊन बसला होता. एवढा तुरा डोक्यावर उभारून बसलेल्याच्या मागच्या रांगेतल्यांना तो गोल कितपत दिसला असेल, देव जाणे.