पाय टेकतात का?

गेल्या पावसाळ्यात मी मित्राची मोटरसायकल पाडली, तेव्हा वेग शून्य होता. सिंहगड रोडजवळच्या एका चढावर सिग्नलला थांबले, डावा पाय खाली टाकला आणि तिथे नेमका खड्डा. माझी उंची पाच फूट दोन इंच, गाडीचं वजन दोनशे किलोच्या घरात. अशी गाडी थोडी कलली तर सावरता येते, पण त्या 'थोडी'च्या पलीकडे गेली की मग ती आपलं ऐकत नाही. मागे धाकटी बहीण बसली होती. तिचं मनगट मोडलं. लायसन्स होतं, हेल्मेट दोघींच्या डोक्यावर होती, कुणी आम्हाला ठोकलंही नव्हतं.

त्यामुळे आता मला स्वतःची पहिली मोटरसायकल घ्यायची आहे, तर घरात विषय मायलेजपासून नाही, त्या मनगटापासून सुरू होतो. बाबांचं म्हणणं एकच. "आमच्या वेळी असले प्रश्नच नव्हते. मिळेल ती गाडी घ्यायचो." आधी मला हा नेहमीचा 'आमच्या वेळी' वाटला. मग जुनं काय काय वाचत गेले आणि लक्षात आलं की बाबा अर्धे बरोबर आहेत. उरलेलं अर्धं त्यांनाही माहीत नव्हतं.

मुळात आपल्याकडे मोटरसायकल आली ती नवशिक्यासाठी नव्हेच. १९५०च्या दशकात सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट निवडली आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. म्हणजे या देशाची मोटरसायकलची कल्पनाच धिप्पाड जवानाच्या मापाची. पुढे म्हैसूरची जावा आली, एस्कॉर्ट्सची पोलिश बनावटीवरून घेतलेली १७५ सीसीची राजदूत आली. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर होते, यावरून शिकणाऱ्याची कुणाला किती काळजी होती ते कळतं. मध्यमवर्गाने स्कूटर धरली. १९७२ साली आकुर्डीहून चेतक निघाली आणि नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबली. मुलगी झाली की स्कूटरचा नंबर लावायचा, असा विनोद आमच्या आजोळी अजून सांगतात. त्याच सुमाराला कायनेटिकची लुना आली. ५० सीसी, पेडलवाली, बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीवर. शिकायला याहून सोपं काय असणार? पण लुनाला मोटरसायकल म्हटलं तर बाबांसकट सगळे पुरुष हसतात.

गंमत म्हणजे बुटक्या सीटची एक मोटरसायकल तेव्हा होती. राजदूतची जीटीएस. १९७३च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरने ती चालवली आणि तिचं नावच बॉबी पडलं. पाय टेकतात म्हणून ती कुणी घेतली असेल असं मला वाटत नाही. मागे डिंपल बसेल म्हणून घेतली असणार.

खरी गोष्ट १९८०च्या दशकात घडली. परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून दुचाक्या काढायला सरकारने परवानगी दिली, पण १०० सीसीपर्यंतच. ही मर्यादा घालताना कुणाच्या डोळ्यांसमोर नवशिके चालक नव्हते. विचार पेट्रोलचा आणि सामान्य माणसाच्या खिशाचा होता. पण तिच्यामुळेच दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकीची एएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० आणि कावासाकी बजाजची केबी १०० अशी रांग लागली. सगळ्या हलक्या, शंभर किलोच्या आसपासच्या. पडल्या तर एकट्याला उचलता येतील अशा. कुणी न ठरवता एका अख्ख्या पिढीला शिकायला योग्य गाडी मिळाली. बाबांची पहिली गाडी म्हणजे सेकंडहँड सीडी १००. तिच्यावरून आपण किती वेळा पडलो हे ते अभिमानाने सांगतात. एकदाही हाड मोडलं नाही, हे मात्र सांगायचं त्यांना कधी सुचलं नाही.

अर्थात १०० सीसी म्हणजे सगळं सारखं नव्हतं. सीडी १०० फोर-स्ट्रोक, ताकद सात हॉर्सपॉवरच्या जवळपास, ती मिळायची हळूहळू. आरएक्स १०० टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर, आणि इंजिन एका टप्प्यावर पोचलं की सगळी एकदम. मूठ पिळताना किती पिळली हे नव्या हाताला कळत नाही, तोवर गाडी पुढे गेलेली असते. नुसता सीसीचा आकडा बघून गाडी ठरवणाऱ्यांनी या दोघी आठवाव्यात. याच दशकात, १९८३मध्ये, एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० काढली होती. जोड सिलिंडर, सहा गिअर, तीस हॉर्सपॉवर. मूळ जपानी आरडी ३५०च्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असायचा, इथे ड्रम दिला. दशक संपता संपता ती बंद झाली. आज तिच्यासाठी लोक वेडे होतात. तेव्हा मात्र मायलेज विचारून गिऱ्हाईक परत जायचं.

इतर देशांनी हाच प्रश्न लायसन्सवर सोडवला. जपानने १९७५मध्ये ४०० सीसीच्या वरच्या गाड्यांसाठी वेगळी, अवघड परीक्षा ठेवली. युरोपात पायऱ्याच आहेत. सुरुवातीला १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, मग ३५ किलोवॉट, मग काहीही. आपल्याकडे सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, आणि अठराव्या वर्षी गिअरवाल्या मोटरसायकलचं जे एकच लायसन्स मिळतं ते स्प्लेंडरलाही चालतं आणि हजार सीसीच्या सुपरबाईकलाही. आरटीओत मी आठ आकडा काढून दाखवला होता तो मैत्रिणीच्या ११० सीसीच्या गाडीवर.

आणि मला सगळ्यात लागली ती गोष्ट आमच्या चाकणची आहे. २०११पासून चाकणच्या बजाजच्या कारखान्यात केटीएमची १२५ ड्यूक तयार होत होती. ताकद बरोबर ११ किलोवॉट, युरोपच्या पहिल्या पायरीच्या मापाची. ती जहाजात बसून तिकडच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांकडे गेली. आपल्याला जानेवारी २०१२मध्ये मिळाली २०० ड्यूक, पंचवीस हॉर्सपॉवरची. २०१३मध्ये ३९०, त्रेचाळीसची. १२५ भारतात विकायला आली २०१८च्या शेवटी. नवशिक्यासाठी मोजूनमापून केलेली गाडी सात वर्षं माझ्या घरापासून तासाभरावर बनत होती, आणि इथल्या पोरांसाठी ती नव्हती. यात कारखान्याचा दोष काढता येत नाही. तिथे कायद्याने मागितली होती, इथे कुणी मागितली नव्हती. २००१मध्ये पल्सर आल्यापासून आपण फक्त जास्त मागायला शिकलो होतो. नाही म्हणायला एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, उभी गाडी धरून ठेवत नाही.

तर माप आपलं आपणच घ्यायचं. गेल्या रविवारी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. माझा जीव खरं तर ३९०वरच होता, अजून आहे. बसले, तर दोन्ही बाजूंना फक्त चवडे टेकत होते. पोरगा ईएमआय सांगायला लागला. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांनी निघताना सांगितलं होतं, "ताई, बसून नका बघू नुसतं. उतरा, हँडल वळवा आणि ढकलत दहा पावलं मागं न्या. दमलात तर सोडून द्या." ३९० मी सात पावलं नेली. शेजारच्या १२५ सीसीच्या गाडीवर तळपाय पूर्ण टेकले, आणि ती दहाच्या पुढेही गेली.

"मागे कुणीतरी बसवून बघ," बाबा म्हणाले.

बहिणीने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली, उजवा हात. डाव्याच्या मनगटाला अजून पट्टा आहे.